टेनेसी व्हिस्की: दारू सुटल्याचं गाणं

'टेनेसी व्हिस्की' हे अमेरिकी कंट्री संगीतातलं एक गाजलेलं गाणं. नाव ऐकून वाटतं की हे पेले उंचावून कोरसमध्ये म्हणायचं गाणं असणार, आणि बारमध्ये ते तसं म्हटलंही जातं. शब्द नीट ऐकले की गोष्ट उलटी निघते. गाणारा माणूस सांगतो, माझ्या रात्री गुत्त्यात जायच्या, दारूखेरीज दुसरं प्रेम मला ठाऊक नव्हतं. बाटलीच्या तळाशी काहीतरी सापडेल म्हणून शोधत राहिलो, तळ दर वेळी कोरडाच निघाला. मग ती आली आणि तिने मला त्या तळातून वर काढलं. आता तीच माझी व्हिस्की, तीच स्ट्रॉबेरीची गोड वाइन, तीच ब्रँडीची ऊब. उपमा सगळ्या दारूच्या आहेत आणि आशय दारू सुटल्याचा आहे.

हे गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं १९८१ साली, डेव्हिड ॲलन को या गायकाच्या आवाजात. लोकप्रिय गाण्यांच्या याद्या छापणाऱ्या 'बिलबोर्ड' या अमेरिकी नियतकालिकाच्या कंट्री यादीत ते ७७व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि तिथेच संपलं. १९८३ साली जॉर्ज जोन्सने ते गायलं आणि ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ ते जुन्या रसिकांपुरतं उरलं. २०१५ साली ख्रिस स्टेपलटनने ते पुन्हा गायलं, तेव्हा ते पहिल्या क्रमांकावर गेलं. बोल तिघांचेही तेच. एकाच गाण्याला तीन इतकी वेगळी नशिबं का मिळाली, हे समजून घ्यायचं तर टेक्सासचे गुत्ते, व्हिस्की गाळायची पद्धत, एका मोठ्या गायकाचं व्यसन आणि शंभर वर्षांपूर्वीचा एक कायदा या सगळ्यांची ओळख करून घ्यावी लागते.

सुरुवात गुत्त्यांपासून करू. कंट्री संगीत हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतलं. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्यांची कथागीतं, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा बँजो आणि ब्लूज, चर्चमधली भजनं, असं सगळं त्यात मिसळलेलं. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी ते विकायला घेतलं तेव्हा त्याचे विषय होते आई, घर, गाव, देव आणि रेल्वे. दारू होती, पण कोपऱ्यात. ती मध्यभागी आली १९३०च्या दशकात.

५ डिसेंबर १९३३ला अमेरिकेतली देशव्यापी दारूबंदी उठली. त्याआधी तीन वर्षं, १९३० साली, पूर्व टेक्सासात तेलाचा प्रचंड साठा सापडला होता. घरापासून लांब राहणारे, हातात रोख मजुरी असलेले मजूर तिथे लोटले. बंदी देशाने उठवली तरी राज्यांना आणि काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यासारख्या छोट्या घटकांना, आपापली बंदी चालू ठेवायची मुभा होती. त्यामुळे जिथे कोरड्या काउंटीची हद्द संपे तिथेच रस्त्याच्या कडेला गुत्ते उभे राहू लागले. नाचायला थोडी जागा, बिअर, आणि नाणं टाकलं की वाजणारा ज्यूकबॉक्स. या जागांना हाँकी-टाँक म्हणत, आणि तिथे वाजणाऱ्या गाण्यांनाही पुढे तेच नाव पडलं.

या जागांनी कंट्री संगीताचा आवाज बदलला. बाटल्यांचा खणखणाट, भांडणं, नाचणाऱ्यांचे बूट, यांतून साध्या गिटारीचा आवाज ऐकूच येईना. मग विजेवरची गिटार आली. १९४१ साली अर्नेस्ट टब या टेक्सासच्या गायकाने ती आपल्या रेकॉर्डवर ठळकपणे वापरली. शिवाय स्टील गिटार होतीच, तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवायची. ती मूळची हवाई बेटांवरची आणि तिची मींड माणसाच्या हुंदक्याच्या फार जवळ जाते. आपल्याकडेही ती याच हवाई मार्गाने पोचली. रेडिओवर व्हॅन शिपलींच्या गिटारवरच्या हिंदी चित्रपटगीतांच्या धून ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा आवाज ओळखीचा आहे.

विषयही बदलले. एकटेपणा, फसवणूक, पिणं, आणि पिण्याबद्दलची अपराधी भावना. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शनिवारी रात्री गुत्त्यात बसणारा माणूस रविवारी सकाळी चर्चच्या बाकावर बसत होता, आणि दोन्ही ठिकाणची गाणी त्याला पाठ होती. कधीकधी तर चालही एकच असायची. १९३६ साली रॉय एकफने 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' हे भक्तिगीत ज्या चालीवर गायलं, त्याच चालीवर १९५२ साली हँक थॉम्पसनने 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' गायलं. त्यात नवरा तक्रार करतो की गुत्त्याच्या दिव्यांनी माझी बायको नेली. त्याच वर्षी किटी वेल्सने त्याच चालीवर उत्तर दिलं, की बायका अशा होतात त्याला आधी पुरुष जबाबदार असतात. काही रेडिओवाल्यांनी ते वाजवायला नकार दिला, तरी ते पहिल्या क्रमांकावर गेलं. 'बिलबोर्ड'च्या कंट्री यादीत एकट्या बाईच्या आवाजातलं गाणं पहिल्या क्रमांकावर जाण्याची ती पहिलीच वेळ. भक्ती, दारू आणि दारूबद्दलचा जाब, तिन्ही एकाच चालीत मावले.

'टेनेसी व्हिस्की' याच घराण्यातलं. त्यात गुत्ता आहे आणि सुटकाही आहे.

आता त्या व्हिस्कीकडे वळू, कारण गाण्यातली मुख्य उपमा नुसती नावासाठी घेतलेली नाही. अमेरिकेत बरबन नावाची व्हिस्की होते, तिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवावी लागते. टेनेसीची व्हिस्की जवळपास तशीच बनते, पण पिंपात भरण्याआधी तिच्यावर एक जादा संस्कार होतो. शुगर मेपल झाडाचं लाकूड जाळून कोळसा करतात आणि ताजी गाळलेली दारू त्या कोळशाच्या थरातून थेंबथेंब झिरपू देतात. लिंचबर्गच्या जॅक डॅनियल्स कारखान्यात हा थर सुमारे १० फुटांचा असतो. कोळसा दारूतले उग्र अंश धरून ठेवतो आणि खाली उतरणारी दारू घशाला टोचत नाही. २०१३ साली टेनेसी राज्याने कायदाच केला, की एखादा जुना अपवाद सोडता या पद्धतीने न गाळलेल्या दारूला 'टेनेसी व्हिस्की' म्हणता येणार नाही. म्हणून गाण्यातला माणूस प्रेयसीला या व्हिस्कीसारखी मऊ म्हणतो तेव्हा तो पिणाऱ्याच्या अनुभवातून बोलत असतो. त्याच्या जगात मऊपणाचं मोजमाप तेवढं एकच होतं.

या पद्धतीमागचा एक माणूस फार काळ नावाविना राहिला. तरुण जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवलं ते निअरेस्ट ग्रीन नावाच्या कृष्णवर्णीय माणसाने, जो आधी गुलाम होता. कारखान्याच्या १५०व्या वर्षाच्या निमित्ताने, २०१६ साली, हे नाव खुद्द कंपनीने जगापुढे मांडलं. आणि हा कारखाना ज्या मूर काउंटीत आहे ती काउंटी दारूबंदीची म्हणूनच ओळखली जाते. जगभर जाणारी दारू जिथे बनते तिथल्या हॉटेलात ती मागवता येत नाही, असा प्रकार तिथे कित्येक दशकं चालला.

गाणं लिहिलं डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह या दोघांनी. नॅशव्हिल शहरात गाणी लिहिणं हा रोजगार आहे. दोन लेखक एका खोलीत गिटार घेऊन बसतात, दुपारपर्यंत गाणं पुरं करतात, साध्या वाद्यांवर त्याचा नमुना रेकॉर्ड करतात आणि प्रकाशक तो नमुना गायकांच्या दारोदार फिरवतो. लिहिणारा आणि गाणारा वेगळा असणं तिथे अगदी सर्रास आहे.

डिलन टेनेसीचाच, लेक सिटी नावाच्या छोट्या गावात जन्मलेला. जॉर्ज स्ट्रेट या मोठ्या गायकाचं १९८१ सालचं पहिलं गाणं त्याने फ्रँक डायकसबरोबर लिहिलं होतं, आणि पुढे स्ट्रेटला त्याने कितीतरी गाणी दिली. हे गाणंही आधी स्ट्रेटपुढेच ठेवलं गेलं होतं. त्याने घेतलं नाही. लिंडा हारग्रोव्ह फ्लोरिडाची. १९७०च्या सुमारास ती नॅशव्हिलला आली आणि स्टुडिओत गिटार वाजवू लागली, जे काम तेव्हा जवळजवळ फक्त पुरुष करत. जॉनी रॉड्रिग्जसाठी तिने लिहिलेलं गाणं १९७५ साली पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. आज 'टेनेसी व्हिस्की'चं नाव निघालं की तिघा पुरुष गायकांची नावं घेतली जातात, फार तर डिलनचं. तिचं नाव राहून जातं, हे मला खटकतं.

पहिला गायक डेव्हिड ॲलन को. तारुण्यातली बरीच वर्षं सुधारगृहात आणि तुरुंगात काढलेला, नॅशव्हिलच्या गुळगुळीत संगीताला वैतागलेल्या 'आउटलॉ' गायकांपैकी एक. त्याच्या तोंडी एक गाणं आधीच गाजलं होतं, स्टीव्ह गुडमनचं. त्यात म्हटलंय, की परिपूर्ण कंट्री गाण्यात आई, रेल्वे, ट्रक, तुरुंग आणि दारू हे सगळं हवंच. 'टेनेसी व्हिस्की' त्याने प्रामाणिकपणे गायलं, अल्बमलाही तेच नाव दिलं. पण ऐकताना हा माणूस खरंच सुधारला आहे असं वाटत नाही. कोच्या आवाजात मस्ती आहे आणि या गाण्याला पश्चात्ताप लागतो.

तो जॉर्ज जोन्सकडे होता.

जोन्सचा जन्म १९३१चा, टेक्सासातल्या साराटोगा गावचा. वडील पीत. रात्री नशेत घरी आले की झोपलेल्या मुलाला उठवून गायला लावत. पुढे हा मुलगा बोमाँट शहराच्या रस्त्यावर गिटार घेऊन गाऊ लागला आणि लोक पैसे टाकू लागले. म्हणजे गाणं आणि दारूची धास्ती ही त्याला एकाच वयात, एकाच माणसाकडून मिळाली. त्याचं पहिलं क्रमांक एकचं गाणं आलं १९५९ साली, आणि तेही चोरून गाळलेल्या हातभट्टीच्या दारूवरचं होतं.

त्याचा आवाज कसा होता हे मराठी वाचकाला सांगणं तसं सोपं आहे, कारण शब्द आपल्याकडे आहेत. तो सुरावर थेट उभा राहत नसे. खालून मींड घेत वर चढायचा, सुराला स्पर्श करून किंचित मागे यायचा आणि एखादा शब्द दातांआड धरून मग सोडायचा. हरकती छोट्या, पण प्रत्येक शब्दाच्या अर्थाला धरून. कंट्री गाणाऱ्यांना विचारलं की सर्वांत मोठा गायक कोण, तर निम्म्याहून जास्त जण आजही त्याचंच नाव घेतील असं मला वाटतं.

आणि हा माणूस पिऊन पिऊन उद्ध्वस्त होत होता. त्याची एक गोष्ट अमेरिकेत सगळ्यांना माहीत आहे. साठच्या दशकात तो बोमाँटजवळ राहत असताना त्याने पिऊ नये म्हणून त्याच्या बायकोने घरातल्या गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या. दारूचं दुकान आठ मैलांवर. जोन्सला खिडकीतून दिसलं ते हिरवळ कापायचं यंत्र, वर बसून चालवायचं. ते ताशी जेमतेम पाच मैल चालायचं. तो त्यावर बसून हमरस्त्याने दुकानापर्यंत गेला. ही गोष्ट त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. लोक ती हसत सांगतात, पुढे त्याच्या व्हिडिओतही ते यंत्र आलं. पण घोटभर दारूसाठी दीड तास रस्त्याने रखडत जाणारा माणूस आजारी असतो, आणि घरी किल्ल्या लपवून बसलेली बाईही त्या आजारात होरपळत असते. ते लग्न मोडलं. त्यानंतरचं टॅमी वायनेट या गायिकेशी झालेलं लग्नही १९७५ साली मोडलं. दारूत आता कोकेनची भर पडली. जाहीर झालेल्या कार्यक्रमांना तो यायचाच नाही, म्हणून त्याचं नाव 'नो शो जोन्स' पडलं. दिवाळं निघालं, व्यसनमुक्तीसाठी रुग्णालयात ठेवावं लागलं.

मार्च १९८३ मध्ये त्याने नॅन्सी सेपुल्वाडोशी लग्न केलं. त्याला व्यसनातून बाहेर काढण्याचं श्रेय तो आयुष्यभर तिला देत राहिला. त्याच वर्षी 'शाइन ऑन' हा त्याचा अल्बम आला, निर्माता होता बिली शेरिल, आणि त्यात हे गाणं होतं. बुडालेल्या माणसाला एका बाईने तळातून वर काढलं, असं गाणाऱ्याच्या बाबतीत ऐकणाऱ्यांना त्याची सगळी हकिगत वर्तमानपत्रांतून माहीत होती. दोन वर्षांपूर्वी लोकांनी सोडून दिलेलं गाणं आता दुसऱ्या क्रमांकावर गेलं, ते यामुळे. जोन्सच्या घशातून ते कबुलीजबाबासारखं बाहेर पडतं.

त्याची सुटका मात्र गाण्याइतकी सरळ झाली नाही. मधली वर्षं बरी गेली आणि मग ६ मार्च १९९९ला त्याची गाडी घराजवळच्या एका पुलाला धडकली. गाडीत व्होडका सापडली, तो मरता मरता वाचला, पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा त्याने कबूल केला. त्यानंतर दारू आणि सिगारेट दोन्ही कायमची सोडल्याचं तो सांगत असे. म्हणजे गाण्यातली सुटका त्याने १९८३ साली गायली आणि प्रत्यक्षात ती पुरी व्हायला आणखी सोळा वर्षं गेली. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. माणूस पडतो, उठतो, पुन्हा पडतो. गाणं चार मिनिटांचं असतं, त्यात एवढं मावत नाही. २६ एप्रिल २०१३ला जोन्स गेला. नॅशव्हिलच्या ब्रिजस्टोन अरीनात नोव्हेंबरात त्याचा निरोपाचा कार्यक्रम ठरलेला होता, तो श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला.

इथे एक प्रश्न येतो. कोने गायलेलं गाणं जोन्सने गायलं, जोन्सने गायलेलं स्टेपलटनने. याला परवानगी कोण देतं? उत्तर आश्चर्याचं आहे. एकदा गाणं लेखकाच्या संमतीने बाजारात आलं की अमेरिकेत ते पुन्हा रेकॉर्ड करायला कुणाचीच खास परवानगी लागत नाही, ठरलेला दर भरला की पुरतं.

ही तरतूद १९०९ सालची आहे. तेव्हा आपोआप वाजणाऱ्या पियानोंची चलती होती. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी पियानोत घातली की गाणं वाजे. अशी गुंडाळी म्हणजे गाण्याची नक्कल नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली दिला, म्हणजे संगीतकारांना तिच्यावर एक पैसाही मिळणार नव्हता. संसदेला हे दुरुस्त करायचं होतं. पण एक भीतीही होती. गुंडाळ्या बनवणारी एक बलाढ्य कंपनी प्रकाशकांशी आधीच करार करून बसली होती, आणि पूर्ण हक्क दिला असता तर सगळं संगीत तिच्या मुठीत गेलं असतं. म्हणून मधला मार्ग निघाला. संगीतकाराला प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट मिळणार, पण पहिलं यांत्रिक रेकॉर्डिंग झाल्यावर तो दुसऱ्या कुणाला अडवू शकणार नाही. दोन सेंटांचा हा दर १९७७ अखेरपर्यंत तसाच राहिला. स्टेपलटनचं रेकॉर्डिंग आलं तेव्हा तो ९.१ सेंट होता. नेहमीच्या करारात यातला निम्मा वाटा प्रकाशकाला जातो आणि उरलेला लेखकांत वाटला जातो. म्हणजे दोन लेखक असतील तर विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे एकेकाला साधारण सव्वादोन सेंट. ऑनलाइन ऐकण्याचा हिशोब वेगळा, तो एकूण उत्पन्नाच्या टक्क्यांवर चालतो.

आपल्याकडेही अशी तरतूद आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जुनी हिंदी गाणी नव्या गायकांच्या आवाजात कॅसेटींवर आली ती तिच्याच आधाराने. २०१२च्या दुरुस्तीने ती कडक झाली. आता मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं आणि दरवर्षी निदान ५०,००० प्रतींचं मानधन भरावं लागतं.

अमेरिकी कायद्यात आणखी एक गंमत आहे. साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे फक्त लेखकाला आणि त्याच्या प्रकाशकाला मिळतात, गायकाला काहीच नाही. स्टेपलटनचं 'टेनेसी व्हिस्की' तिथे रेडिओवर लागतं तेव्हा त्याचा मोबदला डिलनला आणि लिंडाच्या वारसांना जातो.

कायदा गाणाऱ्याला आपल्या पद्धतीने बांधणी करायची मुभा देतो, फक्त मूळ सुरावट आणि गाण्याचा गाभा बदलता येत नाही. ही मुभा स्टेपलटनने जितकी ताणता येईल तितकी ताणली. तो केंटकीच्या कोळसा खाणींच्या भागात वाढलेला. २००१ साली नॅशव्हिलला आला आणि चौदा वर्षं मुख्यतः दुसऱ्यांसाठी लिहीत राहिला. केनी चेस्नी, जॉश टर्नर, ल्यूक ब्रायन यांनी त्याची गाणी पहिल्या क्रमांकावर नेली, त्याचा चेहरा मात्र रसिकांना माहीत नव्हता. 'टेनेसी व्हिस्की' तो आपल्या कार्यक्रमांत गाऊ लागला ते योगायोगाने. कार्यक्रमाआधीच्या ध्वनिचाचणीत साथीदारांनी एक संथ ठेका धरला आणि त्याने त्यावर हे बोल सोडून दिले. ते बसले.

तो ठेका ऐकून अनेकांना लगेच एटा जेम्स या कृष्णवर्णीय सोल गायिकेची आठवण होते. 'आय'ड रादर गो ब्लाइंड' हे तिचं १९६७ सालचं गाणं, अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं. सगळं गाणं दोनच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या दोनच जुळणींवर, झुलत राहतं, एकदा या बाजूला, एकदा त्या. स्टेपलटनच्या गाण्यातही दोनच कॉर्ड आहेत, तोच सहा मात्रांत हेलकावणारा संथ ठेका. यात चोरी नाही. दोन कॉर्ड किंवा ठेका कुणाच्या मालकीचा होत नाही, मालकी बोलांची आणि सुरावटीची असते. एकाच अभंगाला दुसऱ्या चालीत ऐकल्यावर जसा न दिसलेला अर्थ पुढे येतो, तसं इथे झालं. जोन्सच्या गाण्यात गुत्ता आणि चर्च होतं. इथे कृष्णवर्णीयांचं सोल संगीत आलं, लांबलचक ताना घेत एकेका शब्दाला पिळून काढणारं.

हे दोन प्रवाह मुळात एकाच भूमीतले आहेत. त्यांना वेगळं केलं ते रेकॉर्ड कंपन्यांनी. १९२०च्या दशकात त्यांनी गोऱ्या खेडूतांचं संगीत एका यादीत घातलं आणि काळ्यांचं दुसऱ्या. ज्यांना ही भिंत खरी वाटते त्यांनी रे चार्ल्स या कृष्णवर्णीय सोल गायकाचा १९६२चा कंट्री गाण्यांचा अल्बम ऐकावा. टेनेसी राज्यातच नॅशव्हिलला कंट्रीची बाजारपेठ आहे आणि मेम्फिसला सोलची, दोन शहरांत गाडीने तीन तासांचं अंतर. स्टेपलटनने त्या दोन शहरांना एका गाण्यात आणलं असं मी म्हणेन, आणि त्याचं हे काम मला जोन्सच्या कामाइतकंच मोठं वाटतं.

रेकॉर्डिंग झालं नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये, निर्माता डेव्ह कॉब. १९६५ साली सुरू झालेला हा स्टुडिओ २०१४ साली पाडला जाणार होता, संगीतकारांनी आवाज उठवला म्हणून वाचला. मागून येणारा बाईचा आवाज स्टेपलटनची बायको मॉर्गन हिचा. अल्बम 'ट्रॅव्हलर' मे २०१५ मध्ये आला, समीक्षकांनी नावाजला, आणि सहा महिन्यांत विक्रीच्या यादीतून उतरला.

४ नोव्हेंबर २०१५ला कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांचा सोहळा होता, त्याच ब्रिजस्टोन अरीनात. स्टेपलटनबरोबर मंचावर आला जस्टिन टिंबरलेक, पॉप संगीतातला मोठा तारा आणि जन्माने मेम्फिसचा. दोघांनी आधी 'टेनेसी व्हिस्की' गायलं आणि मग त्याला जोडून टिंबरलेकचं 'ड्रिंक यू अवे', ज्यात दारूनेही न पुसली जाणारी आठवण आहे. सगळं मिळून आठेक मिनिटं. त्या रात्री स्टेपलटनला सर्वोत्तम अल्बम, सर्वोत्तम गायक आणि सर्वोत्तम नवोदित असे तीन पुरस्कार मिळाले. यादीतून गायब झालेला अल्बम पुढच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला, आणि गाणंही कंट्री यादीत पहिलं आलं.

हे दहा वर्षं आधी झालं नसतं. पूर्वी ही यादी मुख्यतः रेडिओवर ठरायची, आणि रेडिओ केंद्रं हे गाणं फारसं वाजवत नव्हती. २०१२च्या ऑक्टोबरपासून 'बिलबोर्ड'ने त्या यादीत डाउनलोड आणि ऑनलाइन ऐकणंही धरायला सुरुवात केली होती. त्यामुळे रात्री टीव्हीवर पाहिलेलं गाणं लोकांनी त्याच रात्री विकत घेतलं तेव्हा त्यांची पसंती थेट यादीत उतरली. पुढे या गाण्याला एक कोटी प्रतींचं हिऱ्याचं प्रमाणपत्र मिळालं. या प्रती म्हणजे नुसत्या विकलेल्या तबकड्या नव्हेत. १५० वेळा ऑनलाइन ऐकलं की एक प्रत, असा तो हिशोब आहे.

डीन डिलनला २०२० सालच्या यादीत कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. लिंडा हारग्रोव्ह पुढे भक्तिगीतांकडे वळली, ऐंशीच्या दशकात तिला रक्ताचा कर्करोग झाला, अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाने ती वाचली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये गेली. स्टेपलटनचं रेकॉर्डिंग तिने ऐकलं नाही.

तिन्ही रेकॉर्डिंग ऑनलाइन सहज सापडतात. आधी जोन्सचं ऐका आणि ऐकताना १९८३ साल आणि नॅन्सी लक्षात ठेवा. त्यानंतर एटा जेम्स, मग स्टेपलटन. कोचं सगळ्यांत शेवटी ऐकलं तरी चालेल, पण ऐका जरूर, कारण इतर दोघांनी नेमकं काय जोडलं हे त्यावरूनच कळतं.